पाहुणे असता वायसर मागू नये

माणसाने आजवर लावलेल्या शोधांमध्ये अग्नी, चाक आणि शून्य यांची नावे उगीचच मोठी झाली आहेत. खरा थोर शोध एकच आहे: तोंडातून 'नाही' न काढता समोरच्याला नाही म्हणणे. आणि हा शोध इचोड्यात, हैदराबाद-नागपूर रस्त्याला लागून असलेल्या पेनगंगाकाठ शेतकरी खरेदी-विक्री संघाच्या गोदामात लागला, हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो. जबाबदारीने म्हणजे, त्या गोदामाच्या किल्ल्या एकोणीस वर्षे माझ्या कमरेला होत्या. त्यांतली कुठली किल्ली कुठल्या कुलपाची, हे मात्र फकिराला विचारावे लागे.

फकिरा हा संघाचा शिपाई. दारात स्टूल टाकून बसायचा आणि आत येणाऱ्यापुढे हात आडवा करून विचारायचा, "काय पायजे?" आता संघाच्या पहिल्याच सभेत असा ठराव झाला होता की सभासदाला कधीही 'नाही' म्हणायचे नाही, कारण संघ त्याच्याच मालकीचा आहे. त्यामुळे एखादी वस्तू नसली, किंवा असली पण शोधायचा कंटाळा आला, तर फकिरा म्हणायचा, "नेरडीगोंड्याले भेटन." नेरडीगोंडा शाखेतले सुधाकरराव म्हणायचे, "बाजारहत्नूरला पाहा." बाजारहत्नूरचे उद्धवराव रजिस्टरात 'पुढे पाठवले' असे लिहून सभासदाला इचोड्याच्या बसमध्ये बसवून द्यायचे. एकोणीस वर्षांत 'नाही' हा शब्द संघाच्या दप्तरात एकदाही उमटला नाही. सभासदांना मात्र तिन्ही रस्त्यांवरचे खड्डे नावानिशी पाठ झाले.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या भादव्यात बाजारहत्नूरच्या देवाजी गुरुजींची विशाखा तीन संगणक जीपमध्ये घालून आमच्या दारात उतरली. देवाजी माझा शाळासोबती. पोरगी हैदराबादला सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनिअर.

"जय भीम, काका."

"जय भीम, पोरी. हे काय घेऊन आलीस?"

"आमच्या कंपनीचं मिडलवेअर तपासायचं आहे. म्हणजे मधलं सॉफ्टवेअर. अध्यक्षसाहेबांची परवानगी आहे. आम्हाला तीन गावांतल्या तीन कचेऱ्या पाहिजे होत्या, बाबांनी तुमचा संघ सुचवला."

"तपासायचं म्हणजे काय करायचं?"

ती गुरुजींचीच पोरगी, तेव्हा खडू नसतानाही फळ्यावर लिहिल्यासारखी बोलू लागली. "समजा तीन गावांत तीन मशिनी आहेत. इथल्या मशीनकडे काही मागितलं आणि तिला ते देता येत नसलं, तर मागणी वाटेतच अडवायची आणि दुसऱ्या मशीनकडे वळवायची. दुसरीला नाही जमलं तर तिसरीकडे. मागणाऱ्याला वाटलं पाहिजे की इथंच काम झालं. जो प्रोग्राम मागणीला आत जाण्याआधी अडवतो ना, त्याला इंटरसेप्टर म्हणतात. तो नीट वळवतो की नाही, एवढंच पाहायचं."

मी फकिराकडे पाहिले. फकिरा स्टुलावर ताठ झाला होता.

"म्हंजे माह्यासारखाच," तो म्हणाला. "पन ताई, मागनाऱ्याले पत्ताच लागू द्यायचा नाई, हे काई बराबर नाई. मंग त्याले बसमधी कोन बसवन?"

"कोणी बसमध्ये बसायचं नाही, मामा. मागणी जाईल. माणूस इथंच."

"अन् मान्सानं तवर काय करावं?"

विशाखाने वहीत काहीतरी टिपून घेतले.

दुसऱ्या दिवशी तिने मला कामाला लावले. "काका, मागणी कधी वळवायची याचे नियम लिहून द्या. तुमच्याकडे जसं चालतं तसंच लिहा, नवीन काही घालू नका."

आता हे नियम कुठे लिहिलेले नव्हते. ते फकिराच्या डोक्यात होते. मी फकिरासमोर वही घेऊन बसलो, त्याने सांगितले, मी सरकारी भाषेत उतरवले. एकूण सतरा नियम निघाले. इतकी वर्षे आपण एवढ्या शिस्तीत काम करत होतो हे वाचून माझा ऊर भरून आला. शनिवारी दुपारनंतर आलेली मागणी नेरडीगोंड्याला पाठवावी. सभासद रागावलेला असल्यास बाजारहत्नूरला पाठवावे, कारण तो रस्ता खराब आहे आणि पोचेपर्यंत राग उतरतो. शाखेत पाहुणे बसले असता सभासदाला आत न घेता पुढच्या शाखेकडे पाठवावे. गोदामात उंदीर निघाल्यास तोच प्रकार.

विशाखाने यादी दोनदा वाचली. "रागावलाय हे मशीनला कसं कळणार?"

"आवाजावरून."

"मशीनला कान नाहीत, काका." तिने तो नियम खोडला. उंदीरही गेला. "आणि पाहुणे?"

"त्याचं सोपं आहे. रोज सकाळी मी एक रकाना भरत जाईन. 'आज पाहुणे: होय' नाहीतर दुसरं काय ते."

तिने मान डोलावली, तिन्ही शाखांना असा एकेक रकाना दिला आणि इचोड्याचा रकाना फक्त मलाच उघडता येईल असा पासवर्ड करून दिला. एकोणीस वर्षांत फकिराला न विचारता उघडता आलेले ते माझे पहिले कुलूप.

मग तिन्ही शाखांत एकेक मशीन बसवून आठवडाभर चाचण्या चालल्या. टेलिफोनच्या तारेला जोडलेला तो मोडेम बेडकासारखा ओरडायचा आणि आमचा फोन दिवसभर अडकायचा. म्हणून अध्यक्षांनी शेजारच्या खताच्या दुकानातला फोन आम्हाला वापरू दिला. विशाखा म्हणाली, चाळीस खोट्या सभासदांच्या मागण्या पाठवून पाहू. मी साफ विरोध केला. संघाच्या दप्तरात खोटा सभासद घालायचा नाही. बऱ्याच चर्चेनंतर आम्ही मयत सभासदांची नावे घेतली. ते खरे होते, आणि तक्रार करणार नव्हते.

पहिली मागणी कैलासवासी भिवाजींच्या नावाने गेली: युरिया, तीन पोती. विशाखाने इचोड्याच्या मशीनमधली गोदामाची यादी मुद्दाम बंद ठेवली. मागणी वळली, नेरडीगोंड्याला पोचली, आणि पाच मिनिटांत खताच्या दुकानातला फोन खणखणला. सुधाकरराव होते.

"पांडुरंगराव, अहो भिवाजी युरिया मागून राह्यले!"

"मग द्या ना."

"देऊ काय! मागच्या साली वारले ते. तेरवीले मी सोता जेवलो. बुंदी होती."

"मागणी पोचली ना? बस, तेवढंच पाहायचं होतं."

"पोचली. पन मी एकटाच हावो इथं, जरा सांगून पाठवत जा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

अशा चाळीसच्या चाळीस मागण्या सुखरूप वळल्या. विशाखाने वहीत चाळीस बरोबरच्या खुणा केल्या आणि हैदराबादला कळवले की प्रात्यक्षिकाला या.

प्रात्यक्षिकाचा दिवस बुधवार. कंपनीचे एक मोठे गिऱ्हाईक हे मिडलवेअर विकत घ्यायचे की नाही ते पाहायला येणार होते. तिघे आले. त्यांतल्या दोघांना नेरडीगोंडा आणि बाजारहत्नूरच्या मशीनपुढे नेऊन बसवले, आणि सर्वांत मोठे साहेब आमच्याकडे राहिले. शाल, नारळ, पोहे, चहा असे सगळे यथासांग झाले. सकाळी नऊ वाजताच मी माझा रकाना प्रामाणिकपणे भरला होता. सुधाकरराव आणि उद्धवराव यांनीही आपापला भरला होता. आमच्याकडे कामात हयगय नव्हती.

साहेबांनी पोहे संपवले आणि तेवढ्यात दारात आवाज चढला.

"सरक तिकडं! आज मी कुठंच जात नाई!"

मनकर्णाबाई होत्या. संघाच्या जुन्या सभासद, डोंगराकडच्या गावच्या, चार एकर पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या मालकीण. पाठीवर फवारणीचा पंप तसाच बांधलेला. तो पंप संघानेच वाटलेला होता, आणि त्याचा चामड्याचा वायसर इतका जगावेगळा की संघाशिवाय कुठल्याही दुकानात मिळत नसे.

"मावशी, पाव्हणे बसले हायेत," फकिरा दबक्या आवाजात म्हणाला. "नेरडीगोंड्याले..."

"सोमवारी अध्यक्ष बसले होते म्हून तू मले नेरडीगोंड्याले धाडलं. तिथं कोनी बँकेचा साहेब बसला होता, त्यायनं बाजारहत्नूरले धाडलं. तिथं उद्धवरावाचा व्याही बसला होता! आता काऊन धाडून राह्यला? माही पऱ्हाटी काय व्याह्यावरून ववाळून टाकू? अळी बोंडात शिरून राह्यली. आज संध्याकाळपर्यंत फवारलं नाई त बोंडं पोकळ होतीन. मले एक वायसर पायजे. एक!"

मी घाईने उठलो. पण मोठे साहेब माझ्याही आधी उठले आणि आनंदाने टाळी वाजवून म्हणाले, "असली मेंबर! बहुत अच्छा. इन्ही का रिक्वेस्ट डालो. टेस्टिंग नहीं, असली काम देखेंगे."

विशाखाचा चेहरा उजळला. तिने मनकर्णाबाईंना खुर्ची दिली, सभासद क्रमांक विचारला आणि टाइप केले: फवारणी पंपाचा वायसर, नग एक. बटन दाबले. बेडूक ओरडला.

"अभी कहाँ है?" साहेबांनी विचारले.

"नेरडीगोंडा में, सर. देखिए, इंटरसेप्टरने फॉरवर्ड कर दिया."

"सरे, सरे, ठीक है. और अभी?"

"बाजारहत्नूर में."

"बहुत अच्छा. अभी?"

"इचोडा में."

"मतलब यहाँ?"

"हाँ सर. नहीं सर. अब फिर नेरडीगोंडा में."

मनकर्णाबाई पडद्याकडे टक लावून बघत होत्या. "मी गेली तेच गावं हायेत," त्या म्हणाल्या. "त्याच वळीनं."

पहिल्या पाच मिनिटांत मागणीने एकोणीस फेऱ्या केल्या. पंधरा मिनिटांत साठ. साहेबांनी सुरुवातीला प्रत्येक फेरीला मान हलवली, मग मान हलवणे बंद केले आणि डोळे बारीक करून पाहू लागले. विशाखाचे कान लाल झाले होते. पडद्यावर सगळे हिरवे होते, चूक अशी एकही दिसत नव्हती.

खताच्या दुकानातला माणूस निरोप घेऊन आला, सुधाकररावांचा फोन आहे. मी धावत गेलो.

"पांडुरंगराव, तुमची मागनी माह्याकडं आली."

"मग?"

"गेली. मी हात बी लावला नाई. परत आली, परत गेली. मनकर्णाबाई सोमवारी आल्या तवा निदान पानी तरी पेल्या होत्या. हे काई थांबूनच नाई राह्यलं. इथं पाव्हणे इचारून राह्यले की हे काय चाललं?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"सांगितलं, काम चालू हाये."

परत आलो तर साहेब विशाखाला शांतपणे विचारत होते, "फॉरवर्डिंग ठीक है, मानता हूँ. पहुँचेगा कब?"

विशाखाने वही उघडली. चाळीस बरोबरच्या खुणांवरून बोट फिरवले. प्रत्येक चाचणीपुढे लिहिले होते: 'वळली का? होय.' शेवटी कुठे पोचली, कुणी हातात काय दिले, हे कुठेच लिहिलेले नव्हते. आणि मेलेल्या भिवाजींनी युरिया मिळाला नाही म्हणून तक्रार केली नव्हती.

"याचं एक बरं हाये," मनकर्णाबाई मशीनकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पाय दुखत नाई त्याचे. पन वायसर त त्याले बी नाई भेटला ना?"

विशाखाने मशीनमधली इंटरसेप्टरची नोंदवही उघडली. मागणी दर वेळी कुठल्या नियमाने वळवली, हे त्यात आपोआप लिहिले जात असे. प्रिंटर करकरू लागला आणि कागदाची लांबलचक पट्टी बाहेर आली. प्रत्येक ओळीत एकच मजकूर होता: नियम नऊ. नियम नऊ. नियम नऊ. पट्टी जमिनीला टेकली, मनकर्णाबाईंच्या पायाशी गोळा झाली, तरी नियम नऊ चालूच.

"काका," विशाखा हळूच म्हणाली, "नववा नियम कोणता?"

मी उभा राहिलो. साहेबांसमोर बसून नियम म्हणणे बरे दिसले नसते. "शाखेत पाहुणे बसले असता सभासदाला आत न घेता पुढच्या शाखेकडे पाठवावे."

"म्हणजे मागणी आत गेलीच नाही? गोदामाच्या यादीपर्यंत पोचलीच नाही?"

"कशी पोचेल? पाहुणे आहेत ना."

"आणि तिन्हीकडे आज पाहुणे."

"तिन्हीकडे," मी अभिमानाने म्हणालो. "आम्ही तिघांनीही रकाना वेळेत भरला."

तिने डोळे मिटले आणि उघडले. "काका, तो रकाना बदला. 'नाही' करा."

"पोरी, समोर साहेब बसले आहेत. आत्ताच शाल घातली त्यांना. त्यांच्या तोंडावर 'पाहुणे नाही' असं लिहू? एक तर अपमान, वर खोटी नोंद. आणि तो शब्द आपल्या दप्तरात आजवर..."

"मग मी लिहिते. पासवर्ड सांगा."

"पासवर्ड कुणाला सांगायचा नाही असं तूच सांगितलंस."

साहेब आमच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होते. "क्या प्रॉब्लेम है?"

मग मनकर्णाबाई पंपासकट उठल्या, साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "साहेब, तुमी जरा बाहेर जाता का? तुमच्यापाई अडलं हाये."

"क्या बोल रही हैं?"

विशाखाने जमिनीकडे पाहत भाषांतर केले. साहेब शाल सावरून उठले. आम्ही सगळे हादरलो. फकिरा पुढे झाला आणि त्यांना रस्त्यापलीकडच्या धाब्याकडे घेऊन निघाला. मी पासवर्ड टाकून, बोट तयार ठेवून, खिडकीतून पाहत बसलो. विशाखा माझ्या पाठीशी.

"टाका काका."

"अजून आवारात आहेत."

"आता फाटकाशी आहेत."

"एक पाय आत आहे. ट्रक जाऊ दे म्हणून थांबले."

"काका!"

"दुसरा पाय निघू दे. नोंद म्हणजे नोंद."

ट्रक गेला. साहेबांचा दुसरा पाय निघाला. मी लिहिले: आज पाहुणे: नाही. संघाच्या एकोणीस वर्षांच्या दप्तरातला तो पहिला 'नाही'.

आणि काय सांगू, त्याच फेरीत बाजारहत्नूरहून आलेली मागणी आमच्या दारात आली, तिला कुणी हात आडवा केला नाही, ती सरळ आत गेली, आणि पडद्यावर उत्तर उमटले: वायसर आहे. फळी तीन, डबा सात. शिल्लक नग एक्केचाळीस.

विशाखाने टेबलावर इतक्या जोरात हात मारला की बेडूक गप्प झाला. फळी तीन आमच्या टेबलापासून वीस पावलांवर होती. मधे एक कुलूप होते. फकिरा धाब्यावर असल्यामुळे मला अकरा किल्ल्या लावून पाहाव्या लागल्या; अकरावी लागली. मी डबा उतरवला, त्यातला एक वायसर काढून मनकर्णाबाईंच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि दाराच्या पायरीवर पंप उतरवायला गेल्या.

विशाखा रस्त्याकडे धावली. "सर! हो गया! पहुँच गया!"

साहेब हातात चहाचा ग्लास घेऊन फाटकाशी आले आणि तिथेच थबकले. "अब अंदर आ सकता हूँ?"

फकिराने माझ्याकडे पाहिले. मी रकान्याकडे पाहिले. मग रकाना मिटवून टाकला आणि मान हलवली.

साहेबांनी ती नियम नऊची पट्टी सगळी हातात गोळा केली आणि खुर्चीवर बसून सावकाश वाचली, जणू एखादे लांबलेले पत्र. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "हमारे सब ब्रँच में यही रूल है. बस लिखा हुआ नहीं है. इसीलिए किसी को मिला नहीं." मग विशाखाकडे वळले. "मशीन ठीक है. ये जो हर फॉरवर्ड का कारण लिखता है ना, यही चाहिए हमको. हम ले लेंगे."

विशाखा मटकन खुर्चीत बसली. खताच्या दुकानातून अध्यक्षांना निरोप गेला. ते हार, फोटोग्राफर आणि दोन पंच घेऊन जीपमधून उतरले. विशाखाच्या गळ्यात हार पडला, साहेबांच्या गळ्यात दुसरा पडला, नियमांचा लेखक म्हणून माझ्याही गळ्यात अर्धा सुकलेला पडला. फोटोग्राफरने सगळ्यांना दारात उभे केले. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि बोलायला सुरुवात केली. आज इचोड्याचे नाव हैदराबादेत गेले, उद्या मुंबईत जाईल, परवा अमेरिकेत. जिथे जिथे माणूस काही मागेल, तिथे तिथे त्याची मागणी आपल्या संघाच्या पद्धतीने पुढे जाईल. येणाऱ्या एकविसाव्या शतकात...

पायरीवर मनकर्णाबाई पंप मांडीत घेऊन बसल्या होत्या. नळीचा जुना, गंजलेला स्क्रू त्यांनी नखाने फिरवून पाहिला, नाण्याच्या कडेने फिरवून पाहिला, दाताने सुद्धा पाहिला. ऊन कलायला लागले होते. त्यांनी मान वर करून एकविसाव्या शतकाच्या मधेच माझ्या पायजम्याला हात लावला.

"भाऊ, स्क्रू खोलाले एक पेचकस द्या ना."